तिसऱ्या दिव्याचं पत्रक

गेनभाऊ,

परवा तुमच्या दहाव्याला मांडवी नदीच्या काठावर पाच भाषणं झाली. पाचही जणांनी तुम्हाला कष्टाळू, मनमिळाऊ आणि परोपकारी म्हटलं. एकानं तर 'शेतीनिष्ठ' म्हटलं. तुमची शेती म्हणजे गॅरेजच्या मागं लावलेलं अळू, तेही गाड्या धुतलेल्या पाण्यावर वाढलेलं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत एखादी जुनी अमेरिकन मोटार विकायला निघाली, तर ती खरी किती आणि खोटी किती हे सांगणारा एकच माणूस होता. तो ओतूरच्या एसटी स्टँडामागं पत्र्याच्या शेडमध्ये कुठल्यातरी गाडीखाली आडवा पडलेला असायचा. हे मात्र माइक धरलेल्या एकानंही सांगितलं नाही.

सहावं नाव माझं पुकारलं. "आता संघटनेच्या ताई दोन शब्द बोलतील." मी उठले. ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत कुठंही माइक दिसला की ओढून घेणारी मी, त्या दिवशी 'गेनभाऊंना श्रद्धांजली' एवढंच बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, पोरगी हेलावली. हेलावले वगैरे काही नाही. मला एक शब्द परत घ्यायचा होता आणि तो कसा घ्यायचा हेच कळेना. आमच्या कष्टकऱ्यांच्या संघटनेत पत्रक काढायला शिकवतात. काढलेलं मागं कसं घ्यायचं, ते कुणी शिकवत नाही.

शब्द तुम्हाला माहीत आहे. दलाल. मी तो छापला, दोनशे प्रती काढल्या आणि ओतूरच्या बाजारात वाटल्या. तुम्ही त्यावर एकदाही भांडला नाहीत. तुम्ही भांडला असता तर मी कधीच जिंकून किंवा हरून मोकळी झाले असते.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा ओळीनं लावून बघायचंय. तुम्हीच म्हणायचात ना, "गाडी बघताना अदल्यामदल्या जागेवर उडी मारायची नाय. एका कोपऱ्यापासून सुरू करायचं आन् त्याच कोपऱ्यावर यायचं."

सुरुवात कलेक्टरपासून झाली.

मढच्या रखमाजीबाबांची गाडी तेव्हा वीसेक वर्षं त्यांच्या गोठ्याशेजारच्या छपरात उभी होती. लांबलचक, फिकट निळी, बूड एवढं रुंद की त्यावर भात वाळत घालायचे. गाव तिला 'बोट' म्हणायचं. रखमाजीबाबांनी ती जुनीच घेतली होती, मुंबईहून, कुठल्यातरी वकिलातीतून निघालेली. तुम्ही तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलंत आणि पुढं कितीतरी वर्षं ती ओतूर ते मढ वडाप म्हणून, माणशी भाडं घेत, पळाली. आत चौदा, टपावर कोंबड्या. स्टेअरिंग डाव्या हाताला. पुढची गाडी ओलांडायची तर रखमाजीबाबांना समोरचं काहीच दिसायचं नाही. म्हणून उजव्या खिडकीशी बसेल त्या प्रवाशाला, म्हणजे त्यांच्या 'पावण्या'ला, ते विचारायचे, "बघा वं जरा, येतंय का काय?" पावणं म्हणेल तेव्हा गाडी बाहेर काढायची. म्हणजे माळशेजच्या रस्त्यावर चौदा माणसांचा जीव एका अनोळखी माणसाच्या 'नाय येत' या दोन शब्दांवर. मला ही गोष्ट तुम्ही सांगितलीत तेव्हा मी संतापून म्हणाले होते, हा गुन्हा आहे. तुम्ही म्हणालात, "व्हय. पन त्या शीटवर बसायला भांडणं व्हायची, ते लिव्ह."

रखमाजीबाबांना गाडी विकायची होती. गुडघे गेले होते, पण हात शाबूत होते. बोट विकून एक जुनी जीप घ्यायची आणि परत ड्रायव्हर व्हायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. "घरी बसून म्या म्हातारा झालो, गाडीत न्हाई झालो," असं म्हणायचे. तुम्ही मुंबईला कुणालातरी कळवलंत. उत्तर ओतूरच्या एसटीडी बूथवर आलं. बूथवाल्यानं ऐकलं तसं चिठ्ठीवर उतरवलं आणि मढच्या गाडीत बसणाऱ्या कुणाच्यातरी हातात दिलं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडं आहे:

'मुंबईचे कलेक्टर मंगळवारी गाडी बघायला येणार. तोवर गाडी हलवू नये.'

मढच्या आसपास ज्यांच्या जमिनी धरणाच्या पाण्याखाली गेल्या, त्यांना 'कलेक्टर बघायला येणार' म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यात 'हलवू नये'. रखमाजीबाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ओतूरला आले, ते तुमच्याकडं नाही, माझ्याकडं. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताय, आता गाडी बी नेत्यात व्हय?"

मी बावीस वर्षांची होते. एवढा चांगला अन्याय मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. कुठल्या कायद्यानं, कुठल्या कलमानं, हे विचारायला मी थांबले नाही. मुंबईच्या कलेक्टरचा जुन्नर तालुक्याशी संबंध काय, एवढा साधा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. तासाभरात स्टेन्सिल तयार: 'आधी जमिनी, आता गाड्या! मढच्या कष्टकऱ्याची मोटार जप्त करण्याचा घाट हाणून पाडा!'

आमचं प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन तेव्हा बंद पडलं होतं. हँडल तुटलं होतं. तुमचं गॅरेज आमच्या खोलीच्या खालीच, म्हणून तुम्हाला हाक मारली. तुम्ही कुठल्याशा मेलेल्या गाडीचं काच वरखाली करायचं हँडल आणलंत, निकेल केलेलं, चकचकीत, आणि दोन स्क्रूंत बसवून दिलंत. फिरवून बघितलंत. पहिली प्रत तुमच्याच हातानं बाहेर आली. तुम्ही ती उजेडाला धरलीत.

"वाचलंत?" मी विचारलं.

"अक्षर बरं हाय," तुम्ही म्हणालात आणि खाली निघून गेलात.

गेनभाऊ, तुम्हाला तर माहीत होतं ना कोण येणार ते? निरोप तुम्हीच धाडला होता. मग का नाही बोललात? मी नंतर निदान सात वेळा विचारलं. एकदा म्हणालात, चष्मा नव्हता. एकदा म्हणालात, तू लई रंगात व्हतीस. आणि एकदा, मला वाटतं तेच खरं असावं, म्हणालात, "बोट तीस मण लोखंड हाय. ती छपरातनं भाईर ढकलायची तर माणसं नको का? तू फुकट तीस माणसं गोळा करत व्हतीस."

मंगळवारी मी खरोखरच तीस माणसं गोळा केली. गावानं गाडी भाताच्या पेंढ्याखाली गाडून टाकली होती. झेंडे होते, घोषणा होत्या. अकरा वाजता एक छोटी पांढरी मोटार आली आणि तिच्यातून हाफ पँट, डोक्यावर टोपी, गळ्यात बॅटरी अडकवलेला एक सुकडा म्हातारा उतरला. आम्ही ओरडलो, "कलेक्टर, परत जा!"

तो गोंधळून म्हणाला, "पण मी तर आत्ताच आला."

मी पुढं झाले. "तुम्ही इथं कशासाठी आलात ते सगळ्यांसमोर सांगा."

"मी जुन्या गाड्या जमा करतो," तो म्हणाला. झालं. 'जमा' शब्द ऐकताच मागून जो आवाज उठला त्यानं पेंढ्यावरच्या कोंबड्या उडाल्या. "जमा करतो म्हंजे? सरकारजमा?" कुणीतरी त्याची टोपी उडवली.

तेव्हा तुम्ही आलात. एसटी चुकली म्हणून दुधाच्या टेम्पोत बसून. टोपी उचललीत, झटकून त्या साहेबांच्या डोक्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "आरं ह्यो त्यो कलेक्टर न्हाई. ह्यो गोळा करणारा कलेक्टर. हौसेचा."

"म्हंजे भंगारवाला?" मागून कुणीतरी.

"न्हाई राव. भंगारवाला मणावर घेतो, हे मनावर घेत्यात."

सगळे हसले. तीस माणसं एकदम हसली आणि मी मध्ये झेंडा घेऊन उभी. त्या दिवसापासून मला तुम्ही 'पत्रके' म्हणायला लागलात. "ए पत्रके, आता तुजी माणसं आली हायेत तर लाव त्यान्ला ढकलायला."

आणि त्यांनी ढकलली. माझा मोर्चा गाडी ढकलायला वापरला गेला. मला त्याचा संताप आला होता, पण खरं सांगते, पेंढा बाजूला झाला आणि ते लांब निळं अंग उन्हात आलं तेव्हा मी संताप विसरले. एवढी मोठी वस्तू आमच्या भागात कशी आली, कुणी चालवत आणली, रस्त्यात लोक काय म्हणाले असतील, असलं काहीतरी मनात यायला लागलं. पत्रकात न बसणारे प्रश्न.

मग तुम्ही दोघं गाडी बघायला लागलात. ते मी पहिल्यांदाच बघत होते. साहेब पुढून सुरू झाले, तुम्ही मागून. तुमच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं. ते पत्र्यावरून हळूहळू फिरवायचं. जिथं ओढ लागते तिथं लोखंड. जिथं हात सुटल्यासारखा होतो तिथं आत खड्डा भरलेला, वरून रंग. साहेब इंग्रजीत वहीत लिहीत होते, तुम्ही नुसते 'हं' म्हणत होतात. डिझेल इंजिनाबद्दल ते नाराज झाले नाहीत. म्हणाले, त्या काळातल्या सगळ्यांचं असंच आहे, इंजिन मिळवता येईल. मग ते मागं आले, डिकीखाली दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल लाल दिवे बघितले आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"इंपाला," ते म्हणाले.

नंतर तुम्हीच मला समजावलंत. एकाच अंगाच्या गाड्या, पण वरच्या दर्जाच्या गाडीला मागं तीन-तीन दिवे, तिच्या स्वस्तातल्या बहिणीला दोन-दोन. इंपाला म्हणजे तीन. रखमाजीबाबा गोठ्याच्या दारात काठीवर रेलून उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा त्यांना वाचता आला. जीप त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली असणार.

आणि तुम्ही म्हणालात, "इंपाला न्हाई साहेब. तिसरा दिवा माजा हाय."

साहेबांना आधी कळलंच नाही. तुम्ही डिकी उघडलीत, त्यांची बॅटरी आत मारलीत, काहीतरी दाखवलंत. ते बराच वेळ डोकं आत घालून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी तुमचा काळा हात दोन्ही हातांत धरला आणि काही वेळ सोडलाच नाही. मग वही मिटली, रखमाजीबाबांना नमस्कार केला आणि गेले. त्यांना इंपालाच हवी होती.

रखमाजीबाबा काठी टेकत घरात गेले आणि दार लावून घेतलं.

परतीच्या एसटीत आपण शेजारी बसलो होतो. मी पेटलेली. "त्या माणसाला कळलं नव्हतं. तुम्ही गप्प बसला असता तर बाबांची जीप आली असती. तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

"मी खालच्या बाजूचा," तुम्ही म्हणालात. "गाडी म्या कायम खालनंच बगितली."

"विनोद करू नका."

"विनोद न्हाई. वरनं बगितलं तर समदं चकचकीत दिसतं, पत्रके."

हे उत्तर मला त्या दिवशी उडवाउडवीचं वाटलं. माझा हिशोब साधा होता: मालकाच्या मालाला जो खरेदीदारासमोर नावं ठेवतो, तो खरेदीदाराचा माणूस. आज किंमत पाडायची, उद्या तोच माल स्वतः उचलायचा. दोन दिवसांत दुसरं पत्रक निघालं. 'मागचे सहाही दिवे कंपनीचे असताना तिसरा दिवा नकली असल्याचा कांगावा करून गरिबाच्या पोटावर पाय देणारा दलाल!' खाली तुमचं नाव, गावासकट. तुम्हीच बसवलेल्या हँडलनं मी ते फिरवलं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हे लिहिताना आज खटकतंय.

संध्याकाळी तुम्ही वर आलात. हातात पत्रक. मी भांडायच्या तयारीनं उभी राहिले. तुम्ही कागद टेबलावर पसरलात आणि 'सहाही दिवे कंपनीचे असताना' या शब्दांवर बोट ठेवलंत. ग्रीसचा ठसा उमटला.

"येवढं खोटं हाय," तुम्ही म्हणालात. "बाकीचं तुजं मत हाय. ते आसू दे."

आणि चहा मागवलात. दोन.

गेनभाऊ, त्या 'असू दे'वर मी इतकी वर्षं अडकले आहे.

मग मी तुमच्या मागं लागले. सांगायला हरकत नाही आता: पुरावा गोळा करायला. कुठं गाडी बघायला निघालात की मी थैली घेऊन हजर. एकदा घोडेगावला गेलो. तिथल्या मालकानं गाडीत एक मोठी नटी बसली होती असं सांगितलं आणि ती बसली होती ती जागाही दाखवली. तुम्ही आदरानं त्या जागेला हात लावलात, मग डॅशबोर्डच्या खाली अंगठ्याच्या नखानं रंग खरवडलात आणि मला खुणेनं बोलावलंत. एकाखाली एक पाच रंग. सगळ्यांत खाली काळा. "ह्यो साहेबाचा." त्यावर सायीच्या रंगाचा. "ह्यो दुकानदाराचा." त्यावर भडक लाल. "लग्नाला भाड्यानं जायची तवाचा." त्यावर आणखी दोन. मालक विचारत होता, "मग? नटीचं पटलं ना?" तुम्ही म्हणालात, "नटी कंच्या रंगात बसली व्हती?" मी हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्याला सांगितलंत, "चासी खरी हाय, दारं खरी हायेत, गोष्ट तेवढी नंतर बसवलीय. गोष्ट काडून इका."

येडगावला धरणाच्या कडेला एका शेतात नुसतं बॉनेट होतं, पाण्याच्या पंपावर झाकण म्हणून. बाकी गाडीचा पत्ता नाही. तुम्ही त्या शेतकऱ्याला तासभर प्रश्न विचारत बसलात: कुठनं आणलं, कुणी दिलं, तेव्हा कुठला रंग होता. मी कंटाळून म्हणाले, नुसत्या झाकणाचं काय बघायचं? तुम्ही म्हणालात, "आगं, ज्याचं झाकण हितं हाय, त्याचं तोंड कुटंतरी उगडं आसंल ना!" आणि पुढं कित्येक महिने ते बॉनेट नसलेली गाडी कुठं आहे, हे प्रत्येकाला विचारत राहिलात. मीही विचारायला लागले. मोर्च्यात, तहसीलच्या रांगेत, लग्नात. माणसं मला वेडी समजायला लागली.

पुरावा मात्र मिळेना. तुम्ही एकही गाडी स्वतः उचलली नाहीत. उलट, प्रत्येक ठिकाणी एक वेळ अशी यायची की मालक खूश, बघणारा खूश, आणि तुम्ही डोकं खाजवत म्हणणार, "ते मडगार्ड माजं हाय." "त्यो स्प्रिंगचा पाटा म्या बदललाय." "ती जाळी माज्या हातची." तीस-पस्तीस वर्षं या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीला तुम्हीच जगवलं होतं. पार्ट मिळत नव्हते म्हणून घरी बनवले होते. आता तेच सगळं एकेक करून, मालकाच्या तोंडावर, तुम्ही उघड करत होतात.

का? साहेबांना दिसलं नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं, इतकं ते नीट होतं. पुढं हळूहळू गाडी बघायची बोलावणी यायची बंद झाली, आणि ते माझ्या 'दलाल'मुळंच असं मी धरून चालले.

रखमाजीबाबांकडं मी दोन वर्षांपूर्वी परत गेले. त्यांनी तिसऱ्या दिव्याची गोष्ट सांगितली. वडापच्या ऐन दिवसांत नारायणगावच्या स्टँडवर दुसऱ्या एका ड्रायव्हरची खरी इंपाला यायची. पावणं दिवे मोजून तिकडं बसायचं. त्यानं एकदा बाबांना सगळ्यांसमोर डिवचलं, "तुजी बोट मागनं चकणी दिसतीया." बाबा तडक तुमच्याकडं आले. तुम्ही गाडी तीन दिवस ठेवून घेतलीत. चौथ्या दिवशी बाबा नारायणगावला मुद्दाम गाडी उलटी चालवत, मागचे दिवे पुढं करून स्टँडात शिरले.

बाबांनी मला डिकी उघडून दिली. मी बॅटरी घेऊन आत शिरले, तुम्ही दाखवायचात तशी. कंपनीच्या भोकांची कड आत दुमडलेली असते, मशीनची, एकसारखी. तिसऱ्या भोकाची कडही दुमडलेली होती. बघून काही कळेना. मग बोट फिरवलं. त्या कडेवर बारीक, जवळजवळ ओरखडे, कानशीचे. छिन्नीनं कापून, कानशीनं घासून, ठोकून ठोकून ती कड वळवली होती. कुणाला कधी दिसणार नाही अशा आतल्या बाजूनं. तीन दिवस लागले ते याला.

तिथं आडवी पडलेली असताना मला तुमचा तो आवाज पुन्हा ऐकू आला: तिसरा दिवा माजा हाय. मी इतकी वर्षं तो कबुलीजबाब समजत होते. खोटेपणा उघडा करणारा माणूस असा बोलतो का? तुमची मान खाली नव्हती, गेनभाऊ. कंपनीच्या नावावर तुमचा दिवा जात होता आणि तुम्ही त्यावर आपलं नाव सांगत होतात, असं तर नव्हतं? की दोन्ही होतं? बाबांची जीप त्यात गेली हे तुम्हाला रात्री आठवायचं का? ही माझी शंका मला तुम्हालाच विचारायची होती.

विचारायला आले होते मी. मढहून उतरून सरळ गॅरेजमध्ये. तुम्ही ट्रॅक्टरखाली होतात, नुसते पाय दिसत होते. मी म्हणाले, "गेनभाऊ, मी आज डिकीत शिरले होते." पाय हलले नाहीत. मग आतून आवाज आला, "दहा-अकराचा पाना दे." मी दिला. "आता बारा-तेराचा." तोही दिला. मग गिऱ्हाईक आलं, मग वीज गेली, मग माझी मीटिंग. उद्या बोलू म्हटलं. आपण दोघंही गल्लीत रोज दिसणारे. रोज दिसणाऱ्या माणसाशी बोलायची कुणाला घाई असते?

असं उद्या-उद्या म्हणता दोन वर्षं गेली, मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत सगळं संपलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं. गेनभाऊ दलाल नव्हते, मी खोटं छापलं होतं, त्यामुळं त्यांच्याकडं येणारं काम तुटलं, याची जबाबदारी माझी. नाव, सही. ओतूरच्या बाजारात वाटलं. मला वाटलं लोक शिव्या देतील. कांदेवाल्या मावशीनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "आगं बया, दलाल कवा म्हनली व्हतीस?" मी म्हणाले, पत्रकात. "आमी कुटं वाचतो तुजी पत्रकं! कागद बरा आसतोय, मिरच्या बांधायला."

मढला जाऊन मी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. आता डोळ्यांनाही कमी दिसतं, कागद नाकाला लावून.

"हे तुज्यामुळं न्हाई झालं," ते म्हणाले.

"काय?"

"गेनभाऊचं काम तुटलं, ते तुज्यामुळं न्हाई. त्या मुंबईवाल्यान्ला काय मराठी वाचता येतंया? आन् हितल्यान्ला तुजी सवय हाय." मग कागद मांडीवर ठेवून, "म्या सांगितलं व्हतं समद्यान्ला. गाडी इकायची आसंल तर गेनभाऊला बोलवू नका. त्यो खरं बोलतोय."

एवढी वर्षं जो अपराध मी जपून ठेवला होता तो माझा नव्हताच, आणि तो हातातून काढून घेतला जातोय याचाच मला राग येत होता. किती मोठी समजते मी माझ्या पत्रकांना.

"त्यांना कळलं होतं का, की तुम्ही सांगितलं?" मी विचारलं.

"न कळाया काय झालं? तरीबी दर दिवाळीला येऊन बोटीचं इंजिन चालू करून जायचा. म्हनायचा, बंद ठिवली तर जाम व्हईल." बाबांनी कागदाची घडी घातली. "ताय, हे तुजं झालं. आता माजं लिव्ह."

मी पेन काढलं. बाबा खाटेवर बसून सांगत गेले, मी लिहीत गेले. 'विकणे आहे. अमेरिकन मोटार, रंग निळा, स्टेअरिंग डाव्या हाताला. ही इंपाला नाही. मागचे चार दिवे कंपनीचे, दोन ओतूरच्या गेनभाऊ मिस्त्रीच्या हातचे. ज्याला चालतील त्यानंच यावं. दिवे काढून टाकणाऱ्यानं येऊ नये.'

"आसं कुनी घेईल का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा." जीपचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही.

मग पत्त्याची ओळ आली आणि माझा हात थांबला. या दोन तालुक्यांत पूर्वी जुन्या गाडीची जाहिरात निघाली की संपर्काचा पत्ता एकच असायचा: गेनभाऊंचं गॅरेज, एसटी स्टँडामागे, ओतूर. आता तिथं कुलूप आहे.

"पत्ता कुणाचा टाकू?"

बाबांनी गाडीकडं बघितलं.

"त्याचाच टाक," ते म्हणाले. "आला कुनी लांबनं इचारत, तर गल्लीतली मानसं सांगतील की गेनभाऊ गेला. निदान इचारल तरी कुनीतरी."